चौकीत खुर्च्या किती होत्या?

ताई,

पेपरात तुझ्यावर आलेली बातमी मी दुकानात खताच्या गोण्यांना टेकून वाचली. सगळं आलंय त्यात. तू कुठं शिकलीस, नगरच्या कोर्टात किती वर्षं उभी राहिलीस, पोलिसांना कायदा शिकवायला कधीपासून जाऊ लागलीस, सत्कार कुणाकुणाच्या हस्ते झाले. तुझ्या आरोपीचं नाव तेवढं कुठं नाही. तुझ्या वर्गात मी विहिरीवरच्या मोटारी चोरल्या, भावकीतल्या माणसाचं डोकं फोडलं, एकदा तर तू मला मंगळसूत्र हिसकावणारा केलंस, आणि बातमीत माझ्या वाट्याला ओळभर जागा नाही. मंदाला हे बोलून दाखवलं, तर तुझी ही भावजय म्हणते, "बरं झालं. छापून आलं असतं तर देवळालीत सगळ्यांनी खरं मानलं असतं."

म्हणून हे लिहितोय. बातमीत राहिलेलं. आणि आपल्या दोघांमधला एक खटला तू अर्धवट ठेवून गेलीस, त्याबद्दल.

तू पोलिसांना शिकवायला जाणार हे कळलं तेव्हा कोर्टाच्या बाररूममध्ये तुला काय काय ऐकवलं गेलं, ते तूच मला हसत सांगितलं होतंस. निम्मं आयुष्य तू खाकीला साक्षीच्या पिंजऱ्यात घाम फोडलास. स्टेशन डायरीत नोंद का नाही, घरच्यांना का कळवलं नाही, अटकेचं कारण लेखी का दिलं नाही. आणि आता त्यांच्याच हॉलमध्ये जाऊन खडू हातात घेणार? सुमनबाईंनी पक्ष बदलला, म्हणाले. तू म्हणालीस, पिंजऱ्यात मी त्यांना भेटते तोवर कुणाचा तरी हात मोडून झालेला असतो. जरा आधी भेटून बघते.

जरा आधी भेटायचं तर तुला एक आरोपी हवा होता. तुझे ज्युनिअर फार स्वच्छ दिसायचे, आणि खऱ्या आरोपीला वर्गात नेणं कायद्यात बसत नव्हतं. मग तुझी नजर माझ्यावर पडली. "तुझा चेहरा मुळातच संशयित आहे, बाळ्या," असं तू म्हणालीस, आणि तेही राखी बांधता बांधता, म्हणजे हात सोडवून पळायची सोय नव्हती.

पहिल्या वर्गाआधी तू मला काहीच शिकवलं नाहीस. मोटार चोरल्याच्या संशयावरून तुला चौकीत आणलंय, आत ये, एवढंच. हॉलच्या मध्यावर एक टेबल आणि एक खुर्ची. दोन पोलिसांनी मला दारातून आत आणलं. हात लावला नाही, दटावलं नाही. मी आत आलो, दाराशी चपला काढल्या, सरळ भिंतीकडे गेलो आणि गुडघ्यांना मिठी मारून खाली बसलो. अख्खा हॉल हसला. मला वाटलं, अभिनय जमला.

तू हसली नाहीस. एकेकाला उठवून विचारलंस, याला खाली बसायला कुणी सांगितलं? कुणीच सांगितलं नव्हतं. चपला काढायला? कुणीच नाही. मग माझ्याकडे वळलीस. मी म्हणालो, चौकीत असंच बसतात ना? देवळात हात जोडायला कुणी सांगावं लागतं का?

"ऐकलंत?" तू वर्गाला म्हणालीस. "तुमच्या कागदावर याची अटक अजून व्हायचीय. याच्या मनात ती दाराशीच झाली. आपल्याला इथून उठून जाता येणार नाही असं याला ज्या क्षणी वाटलं, त्या क्षणापासून याला जे काही होईल त्याचं उत्तर तुम्ही द्यायचंय. तुम्ही बोटही लावलं नसलं तरी."

मग मला चपला घालायला लावून खुर्चीवर बसवलंस. ताई, मी बी.ए. झालेला माणूस, स्वतःच्या दुकानाचा मालक, पण त्या खुर्चीच्या कडेवर असा टेकलो की मागं आणखी दोघं मावले असते. पुन्हा हशा. या वेळी मात्र तूही हसलीस, आणि जाता जाता माझ्या खांद्यावर थाप मारलीस. तेव्हा वाटलं, मोटार चोरल्याचं सार्थक झालं.

त्या दिवसापासून तुझी रीत ठरली. आधी चपला, मग खुर्ची, मग प्रश्न. कलमं त्याच्या मागून. नवे कायदे आले, कलमांचे आकडे बदलले, तू चष्मा पुसत पुसत सगळे आकडे नव्यानं पाठ केलेस, पण चपला आणि खुर्ची जागच्या हलल्या नाहीत. कुणी म्हणालं, मॅडम, खुर्चीवर बसवला की आरोपी डोक्यावर बसतो, तर तू म्हणायचीस, "डोक्यावर बसलेला परवडतो. जमिनीवर पडलेला परवडत नाही." आणि साहेबांनी सांगितलं होतं म्हणून केलं, असं कुणी म्हटलं की तुझा ठरलेला प्रश्न: "लिहून दिलं होतं का?"

जबाबदारी हा शब्द त्या हॉलमध्ये सगळ्यांना शिक्षेसारखा ऐकू यायचा. मला नाही यायचा. मला चिंचेचं झाड आठवायचं. लहानपणी मी त्यावरून पडून हात मोडून घेतला, तेव्हा तू तिथं नव्हतीस, विहिरीवर धुणं धूत होतीस. तरी आप्पांनी विचारल्यावर तू पुढं होऊन म्हणालीस, बाळ्या माझ्या हवाली होता. आप्पांचा उगारलेला हात खाली आला. मी प्लास्टर घालून गावभर सांगत फिरलो की मला गरुडानं उचलून टाकलं. तू वकील होणार आणि मी गप्पिष्ट, हे तेव्हाच ठरलं असावं.

तुझ्या वर्गात मागच्या रांगेत हवालदार म्हस्के बसायचे, हाताची घडी घालून. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराशेजारची चौकी त्यांच्याकडे. एकदा तू विचारलंस, कुणाला काही शंका? ते बसल्या जागेवरून म्हणाले, "बाई, हे समदं हितं हॉलमधी लई ग्वाड वाटतं. बाजाराच्या दिशी आमच्या चौकीवर येऊन बघा. दारात ही गर्दी, म्हनती दोन द्या ह्याला. तवा खुर्ची कुनाला सुचती?"

वर्ग हसला, तूही हसलीस. पण तू मला गाडीतून एसटी स्टँडवर सोडायला निघालीस तेव्हा तुझं लक्ष रस्त्यावर नव्हतं. आपलं नेहमीचं भांडण त्या दिवशी जरा लांबलं. मी म्हणायचो, ताई, चहा-बिस्किटं संपली की कायदाही संपतो. वर्गात हे लोक आरोपीला चपला घालायला लावतात, बाहेर जाऊन पट्टा काढतात. तू म्हणायचीस, एखाद्याच्या तरी हातात राहील. डोक्यात नको, हातात. मी म्हणायचो, पुरावा काय? मग तू चिडून चुकीचा गिअर टाकायचीस, आणि गाडी माझ्या वतीनं ओरडायची.

त्याच गाडीत मी एकदा तुझ्या खटल्यातल्या एका साक्षीदाराची टर उडवली होती. भांडणाला चौघे होते, तर हा बाबा दहा सांगत होता. मी म्हणालो, खोटारड्याला हाकलून द्यायला हवं. तू म्हणालीस, तसं नसतं रे. आपल्याकडचा माणूस फुगवल्याशिवाय खरं सांगतच नाही. म्हणून कोर्ट अख्खी साक्ष फेकून देत नाही, सुपात घालून पाखडतं. भूस उडू द्यायचं, दाणा ठेवायचा. हे तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, पण रोख मला कळला. माझ्या गोष्टीतली म्हैस दुप्पट दूध देते आणि ओढ्याचं पाणी नदीला लाजवतं, हे सगळ्या भावकीला ठाऊक आहे. लग्नकार्यात मला मध्ये बसवतात ते जेवण पचावं म्हणून.

मग तुझं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिना बंद केला आणि बोलणं कमी करायला सांगितलं. वकिलाला. दाजी शाळेतून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच कामाला लागले. तुझी लिहायची खुर्ची त्यांनी खिडकीशी आणून ठेवली, तुझा चहा करायला शिकले, बिघडवायलाही. वर्ग थांबले. मी आलो की तू पिकापाण्याचं विचारायचीस आणि मध्येच, पाणी मागावं तसं, म्हणायचीस, "काय रे, म्हस्के म्हणाले तेच खरं असेल का? ते सगळं हॉलपुरतंच होतं? एवढी वर्षं माझी चहापानातच गेली?"

ताई, इतकी वर्षं हेच तर मी तुला ऐकवत आलो होतो. आता तू माझ्या बाजूनं बोलायला लागलीस आणि मला ते मुळीच आवडेना. मी तुझी बाजू घ्यायला गेलो की तू हसून विचारायचीस, "पुरावा काय?" माझाच प्रश्न.

या हिवाळ्यात मी म्हैस बघायला घोडेगावला गेलो. तिथं जे पाहिलं ते घेऊन, म्हैस न घेताच, सरळ तुझ्याकडे आलो. पाटीवर अहिल्यानगर झालं तरी कंडक्टर अजून नगरच म्हणतो, आणि त्या दिवशी नगर काही केल्या येईना. तुझ्या दारातूनच मी सांगायला सुरुवात केली.

ती साक्ष तुला आठवत असेल. बाजारात एकाला बोकडचोर म्हणून धरला, म्हस्केंनी त्याला चौकीत आणून चपला घालायला लावल्या, खुर्चीवर बसवला, स्वतः समोरच्या खुर्चीवर बसले, दोघांना चहा आला, बोकडाच्या मालकानं येऊन माफी मागितली, बाजारानं टाळ्या वाजवल्या. मी इतका रंगलो होतो की दाजींनी टीव्ही बंद केला.

तू उशी सरकवून ताठ बसलीस. कित्येक दिवसांनी तुझ्या चेहऱ्यावर तो कोर्टातला भाव आला.

"बाजारानं टाळ्या वाजवल्या?"

"म्हणजे, काही लोकांनी."

"जनावरांच्या बाजारात माणसांचे हात मोकळे असतात? मग दावं कोण धरतं?"

दाजी खुदकन हसले. मी सावरून बसलो.

"बरं, ते राहू दे. चौकीत खुर्च्या किती होत्या?"

"दोन. तीनही असतील."

"बाळ्या, मी जाऊन आलेय त्या चौकीत. म्हस्केंनी बोलावलं होतं ना, येऊन बघा म्हणून. तिथं खुर्ची एकच आहे."

तू हसायला लागलीस ती खोकला येईपर्यंत. मग माझा हात धरून म्हणालीस, आजारी बहिणीला गोड बातमी घेऊन आलास होय रे. गुणाचा आहेस. पण साक्षीदार म्हणून कच्चा आहेस. मी कळवळून म्हणालो, अगं, घडलंय ते. पाखडून बघ की, तूच सांगायचीस ना.

तू डोळे मिटलेस. "आज सूप उचलवत नाही. निकाल राखून ठेवलाय. पुढच्या वेळी आलास की बघू."

पुढच्या वेळी मी आलो तो तुला खांदा द्यायला.

ताई, गोष्ट खरी होती. खुर्च्या तेवढ्या खोट्या होत्या. आता तू नाहीस, तर सूप मीच हातात घेतो.

मी टपरीवर चहा पीत होतो. शेवगावकडचा एक वाळका माणूस बोकडाला दाव्यानं घेऊन चालला होता, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की हा बोकड माझा. बाजाराची पावती मागितली, ती त्याच्याकडे नव्हती. गर्दी जमली, आणि गर्दीत ज्याला जमलं त्यानं हात धुऊन घेतले. म्हस्के आले, त्याला गर्दीतून ओढून चौकीत घेऊन गेले. मीही मागोमाग गेलो. मुरलेला आरोपी मी, मला राहवेना.

त्या माणसानं दाराशी चप्पल काढली. एकच. दुसरी गर्दीत गेली होती. ती एकुलती एक चप्पल त्यानं नीट भिंतीशी लावली, आत जाऊन गुडघ्यांना मिठी मारून बसला. तो अगदी माझ्यासारखा बसला होता. की मीच आजवर त्याच्यासारखा बसत होतो, कोण जाणे. फक्त माझ्या वेळी नंतर चहा असायचा.

दारातून लोक म्हणत होते, हवालदार, दोन द्या, मग बोलंल. म्हस्केंचा हात पट्ट्याकडे गेला. हे मी तुला सांगितलं नव्हतं, गोष्टीची गोडी जाईल म्हणून. हात पट्ट्यावरच राहिला. त्यांची नजर त्या चपलेवर गेली आणि तिथं थांबली. मग ते गर्दीकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "लिहून देता का, ह्याला मार म्हनून? नाव-गाव घाला, सही करा. मंग मारतो."

सही करायला कुणी पुढं आलं नाही. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मागचे आधी पांगले, मग पुढचे.

मग म्हस्के त्या माणसाला म्हणाले, चप्पल घाल. त्याला वाटलं, आता आणखी कुठंतरी नेणार. तो हात जोडायला लागला. "घाल म्हन्तो ना. आन् हितं बस." खुर्ची एकच होती, त्यांची स्वतःची. तो माणूस एका पायात चप्पल घालून तिच्या कडेवर टेकला. म्हस्के उभे राहिले. खिडकीच्या कट्ट्यावर रजिस्टर ठेवून, वाकून लिहीत राहिले. नाव काय, गाव कोणतं, घरी कुणाला कळवायचं. त्याला बायकोचा नंबर पाठ नव्हता, तर त्याच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावून निरोप दिला. चहा आला नाही. बोकड कुणाचा होता, मला आजही माहीत नाही.

दारात मी दिसल्यावर म्हस्केंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी मॅडमचं आरोपी न्हाई का?" मी मान हलवली. "मॅडमला ह्यातलं काई सांगू नका," एवढं बोलून ते पुन्हा कट्ट्यावर वाकले. आणि मी तिथून निघालो ते थेट नगरची एसटी धरली. गोष्ट पोटात राहिली असती तर तो मी कसला.

उभे राहिलेले म्हस्के मला तेव्हा दिसले होते, पण सांगताना ते उभे शोभेनात. दोन माणसं समोरासमोर बसलेली बरी दिसतात, म्हणून मी एक खुर्ची वाढवली. तुझ्या आयुष्यभराच्या कामाचा पुरावा माझ्या हाती आला होता, आणि मी त्यात फर्निचर घातलं.

तुझ्या दहाव्याला मोठी गर्दी होती. काळे कोट, खाकी, देवळालीची सगळी भावकी. म्हस्के त्यात नव्हते. ते नंतर एका दुपारी घरी आले, साध्या कपड्यांत. दाजी आणि मी दोघंच होतो. दाजींनी खिडकीशी असलेली तुझी खुर्ची दाखवून "बसा" म्हटलं. तू गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलेलं नाही. "न्हाई गुर्जी, मी बरा हाय," म्हणत म्हस्के उभ्यानंच पाणी प्यायले. तुझ्या फोटोकडे पाहिलं, मग छताकडे, मग स्वतःच्या पायांकडे.

मी विचारलं, तेव्हा मॅडमना सांगू नका का म्हणालात?

"तवा एकदाच झालं हुतं ओ," म्हस्के म्हणाले. "एकदा कुनाचाबी हात आवरतो. मॅडमला सांगितलं आसतं, त्या खूश झाल्या आसत्या, आन् फुडच्या बाजारी माझाच हात उठला आसता तर? म्हनलं, जरा आंगवळनी पडू द्या. मंग आपन सोता जाऊन सांगू. तवर त्या गेल्या."

दाजींनी अगदी हळू विचारलं, "मग, पडलं अंगवळणी?"

"व्हय म्हनायला भ्या वाटतं, गुर्जी. पर दर टायमाला उभ्यानं लिवायचं म्हंजी पाय लई दुकाया लागलं. मंग घरची येक खुर्ची आनून टाकली चौकीत. पलास्टिकची हाय."

दाजी चहा ठेवतो म्हणून आत गेले. बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही.

ताई, मी काही तेव्हा रडलो नाही. रडलो ते परतीच्या एसटीत, आणि शेजारच्या बाईंनी विचारलं तर त्यांना खिडकीतून धूळ गेल्याचं सांगितलं. काच बंद होती.

मागच्या बाजारी पुन्हा घोडेगावला जाऊन आलो. या वेळी म्हैस घेतली. दूध बेताचंच देते, तेवढंच सांगतो. येताना चौकीत डोकावलो. म्हस्के बाहेर गेले होते, दार उघडं होतं. आत गेलो. कुणी बघत नव्हतं, तरी माझा पाय सवयीनं चपलेतून निघायला लागला. तुझा आवाज आठवला, तो पुन्हा आत घातला.

तुझा निकाल अजून राखून ठेवलेलाच आहे. सवडीनं दे. पण त्याआधी माझ्या साक्षीत एवढी दुरुस्ती करून घे. तू विचारलंस तेव्हा चौकीत खुर्ची एकच होती. आता दोन आहेत. दुसरी लाल आहे, एका हाताला तडा गेलाय, आणि मी तिच्यावर पूर्ण मागं टेकून बसून आलो.

तुझा आरोपी,
बाळ्या